मेंढ्या बसलेली जागा

संख्याशास्त्राच्या पेपरात मी वर्गात पहिला आलो. वर्ग म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरचे चौकोन, आणि त्यातली बहुतेक पोरं माझ्या मुलीपेक्षा लहान. निकाल आला तेव्हा मी लोहाऱ्यात तहसीलसमोर जीप भरायची वाट बघत उभा होतो. निकाल बघितला आणि फोन खिशात टाकला. घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला चार दिवसांनी दुसरीकडून कळलं. ती म्हणाली, "पहिला नंबर आणि पेढे न्हाईत?" मी म्हणालो, पेढे कशाला. मग तिच्याही लक्षात आलं आणि ती भाकरी थापायला लागली.

मी कृषी खात्यात सहायक आहे. पदविकेवर नोकरी लागली आणि पदविकेवरच केस पांढरे झाले. माझ्यामागून आलेले पदवीवाले वर गेले, त्यांना मी साहेब म्हणायला लागलो. पन्नाशी जवळ आल्यावर दूरशिक्षणाच्या पदवीला नाव घातलं. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र सक्तीचं होतं, आणि ते सगळं ऑनलाइन. दर आठवड्याला व्हिडिओ, त्याखाली प्रश्न, आणि रविवारी सकाळी मॅडम समोर येऊन थेट शिकवायच्या.

आमच्या घरात रेंज येत नाही. ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला येते. तिथं सतरंजी टाकायची, पत्र्याच्या डब्याला फोन टेकवायचा आणि कानात वायर घालून बसायचं. शेजारच्या गच्चीवर एक म्हातारी ज्वारी वाळत घालून राखण करायची. तिनं विचारलं, "कीर्तन ऐकायलाव का?"

मी म्हणालो, "व्हय."

"कुण्या महाराजांचं?"

"बाईंचं हाय."

"बाया बी करायलेत व्हय आता," ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी तिनं फोनच्या दिशेनं हात जोडले.

सुरुवातीला काही कळेना. मग कळायला लागलं, आणि कळायला लागल्यावर मला त्याचा नाद लागला. हे कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या नादातूनच झालं. मॅडमनी एकदा विचारलं, दहा शेळ्यांच्या दावणीला एक म्हैस बांधली तर जनावरांच्या सरासरी वजनाचं काय होईल? मी सगळ्यांच्या आधी उत्तर लिहिलं: शेळ्या आहेत तेवढ्याच राहतील, सरासरी मात्र अशी येईल की तेवढ्या वजनाचं एकही जनावर दावणीला सापडणार नाही. मॅडमनी ते वाचून दाखवलं. पोरांनी खाली अंगठे उमटवले. एकानं लिहिलं, अंकल भारी. मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत होतो.

त्यानंतर नमुना निवडण्याचा धडा आला. मॅडम म्हणाल्या, नमुना निवडताना माणसाचा हात लागला की नमुना बिघडतो. तुमचा हेतू कितीही चांगला असू द्या, तुमचा डोळा तुम्हाला फसवतो. म्हणून निवड आकड्यांवर सोडायची आणि आकडा नेईल तिथं जायचं. मी व्हिडिओ थांबवला. मागं नेऊन पुन्हा ऐकला. कारण हे माझंच काम होतं, आणि इतकी वर्षं मी ते तसं करत नव्हतो.

आमच्याकडं सुगीला पीक कापणीचा प्रयोग असतो. पूर्ण महसूल मंडळातली, म्हणजे दहा-पंधरा गावांतली, मोजकी शेतं चिठ्ठीसारखी आकड्यांनी निघतात. त्या शेतात पुन्हा आकड्यांनीच एक जागा निघते. तिथं खुंट्या ठोकायच्या, दोरी लावून एक चौकट आखायची, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. अशा मोजक्या चौकटींची सरासरी म्हणजे मंडळाचं उत्पन्न. ती ठरलेल्या आकड्याच्या खाली आली तर मंडळातल्या सगळ्यांना विमा मिळतो, वर गेली तर कुणालाच नाही.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही. आकड्यानं जागा निघाली आणि ती फारच वेगळी असली, म्हणजे भर खडकावर नाही तर उकिरड्याच्या कडेला, तर कुणीतरी म्हणायचं, ऊन लई झालंय, तिकडं बाभळीच्या अंगानं बघू. सरकवा असं कुणी तोंडानं म्हणत नाही. सरपंच तंबाखू मळत राहतो, पोलीस पाटील दुसरीकडं बघतो, आणि सहायकानं म्हणजे मी म्हणायचं, चला, तिकडं सावली बरी आहे. मग आम्ही गावाच्या पिकासारखं दिसणाऱ्या जागी चौकट आखायचो. यात मी लबाडी करतो असं मला कधी वाटलं नाही. मला वाटायचं, हीच खरी सरासरी, डोळ्यांनी काढलेली. मात्र खरं सांगायचं तर चांगल्या जागेवरून आम्ही चटकन सरकायचो आणि खडकावरून जरा रेंगाळत.

त्या वर्षी श्रावणात पावसानं पाठ फिरवली. सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला प्रयोग लागले, त्यातलं एक शेत माझ्या थोरल्या बहिणीच्या गावचं निघालं. ते गाव माझ्याच सजात, मी बघतो त्या गावांत आहे. शेत एका चाचांचं होतं, गावातले जुने मुसलमान शेतकरी. आणि प्रयोगाला हजर राहणाऱ्या गावसमितीत शेतकऱ्यांच्या बाजूनं माझे दाजी होते, अक्काचे मालक. वडील गेल्यावर मला कृषी पदविकेला घालणारे हेच दाजी. मी खात्यात आहे ते त्यांच्यामुळं, आणि ते त्यांनी आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही.

आम्ही आकडा काढला आणि मोजत मोजत शेतात शिरलो. सगळं शेत पिवळं, गुडघ्याच्याही खाली. आकडा जिथं थांबला तिथं मात्र सोयाबीन कमरेला लागत होतं, हिरवं, शेंगांनी लगडलेलं.

चाचाच आधी बोलले. "साहेब, उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या मी. बाकीच्या रानात बसवायच्या आत धनगर निघून गेला. एवढीच जागा बसली. ही काही रानासारखी न्हाय."

मेंढ्यांचा कळप रात्रभर बसला की त्या तुकड्याला दुसऱ्या खताची गरज पडत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. समोर दिसतच होतं. सगळे थांबले. सरपंचानं चुना काढला. विमा कंपनीचा माणूस घड्याळात बघत होता, त्याला आणखी दोन गावं करायची होती. त्याला जागेचं काहीच पडलेलं नव्हतं. आम्ही बाभळीकडं गेलो असतो तर तोही मागून आला असता.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, ऊन लई झालंय. त्या बांधाच्या अंगानं बगू की."

मी म्हणालो, "दाजी, जागा आपण निवडायची नसते. ती आकड्यानं निवडलेली असते."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी दोरी हातात धरून त्यांना समजावून सांगायला लागलो. माणसाचा हात लागला की नमुना कसा बिघडतो, हेतू चांगला असला तरी डोळा कसा फसवतो. मॅडमचीच वाक्यं होती. मी ती मराठवाड्याच्या भाषेत करून सांगत होतो आणि मला वाटत होतं, काय सोपं करून सांगतोय मी. सरपंच म्हणाला, "म्हंजे इतके दिवस तुमी चुकीचं करत होता म्हणा." मी म्हणालो, "व्हय, चुकीचंच करत होतो." हे म्हणताना मला मोठं वाटलं, स्वतःची चूक मान्य करणारा माणूस म्हणून.

 दाजींनी वाकून टेपचं दुसरं टोक धरलं. मी फोटो काढले, ते काढावेच लागतात. कापलं, मळलं, तोललं. काट्याचा आकडा मी मोठ्यानं वाचला, तसा नियम आहे. वाचल्यावर चाचा म्हणाले, "माझ्या रानाची अब्रू वाढली म्हणायची," आणि कुणी हसलं नाही.

विम्याचा निर्णय संक्रांतीनंतर आला. आमचं मंडळ विम्यात बसलं नाही. थोडक्यात वर गेलं. मी कागद घेतला आणि चाचांच्या चौकटीच्या जागी बाकीच्या शेतासारखं वजन घालून सरासरी काढली. मंडळ खाली येत होतं. मग एखादी खडकावरची चौकट धरून बघितली, मग दुसऱ्या गावची घालून बघितली. तो हिशेब करायला नको होता. पण मला आता सरासरी काढता येत होती आणि काढल्याशिवाय राहवत नव्हतं. शेळ्यांच्या दावणीला म्हैस मीच बांधली होती, त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या आधी लिहिणाऱ्या माणसानं. शेतात उभा असताना मला तो प्रश्न आठवलासुद्धा नाही.

बहिणीच्या गावात स्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायला थांबलो तर मागच्या बाकावर दोघं बोलत होते. माझी पाठ त्यांच्याकडं होती. ओळखलं असेलच.

"सायेब शिकायलेत म्हणं कॉलेजात."

"शिकू द्या की. फी आपुनच भरलीय."

चहा अर्धा ठेवून उठलो.

त्या रविवारी मी मॅडमना विचारलं. नाव-गाव न सांगता, एक उदाहरण म्हणून. नमुना काटेकोर निवडला पण त्यातला एक प्लॉट फारच वेगळा निघाला आणि त्यानं निकाल फिरवला, तर निवडणाऱ्यानं काय करायला हवं होतं? मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, गैरसोयीचा म्हणून प्लॉट काढून टाकता येत नाही. नमुना लहान आहे, हा दोष योजनेचा, निवडणाऱ्याचा नाही. निवडणाऱ्यानं बरोबरच केलं. फार छान उदाहरण आहे, असाइनमेंटला हेच घ्या.

मला रडू आलं. कॅमेरा बंद होता. इतक्या दिवसांत कुणीतरी म्हणालं होतं की बरोबर केलं. त्या उमाळ्यात मी खरंच ती असाइनमेंट लिहिली. आठवडाभर खपून. आउटलायर म्हणजे बाकीच्यांहून फारच वेगळा पडणारा आकडा, लहान नमुन्यात तो सरासरीला कसा ओढतो, सरासरीऐवजी मीडियन, म्हणजे ओळीतला मधला आकडा, घेतला असता तर काय झालं असतं, सगळं तक्ते काढून. फोटो हवा म्हणून शेतातला फोटो जोडला. मॅडमनी तो वर्गात पडद्यावर दाखवला. हिरव्या सोयाबीनमध्ये एक म्हातारा माणूस वाकून टेपचं टोक धरून उभा. पोरांनी अंगठे उमटवले. एका मुलीनं लिहिलं, किती रिअल आहे. पूर्ण गुण मिळाले.

त्याच आठवड्यात दाजी पुण्याला गेले. त्यांच्या चुलत भावानं एका सोसायटीत रखवालदाराचं काम बघून ठेवलं होतं. विमा आला असता तर यंदाचं वर्ष निघालं असतं, असं अक्काचं गणित होतं. शेतात दुसरं काही नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, ज्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या दारात काम केलं नाही, ते एक पिशवी घेऊन एसटीत बसले. मला कळवलं नाही.

मी अक्काकडं गेलो. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, म्हशीला वैरण टाकून आली. मी बसून राहिलो. मग म्हणालो, अक्का, माझ्या हातात नव्हतं. आकडाच तसा निघाला. मॅडमनीसुद्धा सांगितलं की—

"तुझं चुकलं म्हणलं का कुणी?" अक्का म्हणाली.

"न्हाय."

"त्येंनी बी म्हणलं न्हाय. जाताना म्हणले, पाव्हण्याला काही बोलू नकू, त्येनं खरं तेच केलं." तिनं कपातला चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला, लहानपणी देत होती तसा. "आता मला एक सांग. तुझं बरोबर हाय, तर तू हितं येऊन कामून बसलास?"

 तिनं उत्तर मागितलं नाही. म्हणाली, "चहा घे आन जा. तुझी जीप चुकल."

ह्यात एक गोष्ट लिहायची राहिली. यंदा पुन्हा प्रयोग झाले आणि मी जागा सरकवली नाही. सरकवून बघावं असं मनात आलं होतं. पण एकदा मी भर शेतात सगळ्यांसमोर सांगून बसलोय की ते चुकीचं असतं. आता सरकवलं तर मागच्या वर्षी का नाही, असं विचारायला गाव मोकळं. आणि खरं म्हणजे ते चुकीचंच आहे, हे मला आता पुसून टाकता येत नाही. यंदा कुणी ऊन लई झालंय असं म्हणालंही नाही. आकडा काढेपर्यंत सगळे बांधावर बसून राहिले आणि मग मुकाट्यानं खुंट्या ठोकायला आले. पूर्वी प्रयोग झाल्यावर कुणाच्या तरी घरी भाकरी असायची. यंदा डबा नेला होता, तो एकट्यानं खाल्ला.

परीक्षा त्याच्या आधी, उन्हाळ्यात झाली. केंद्र सोलापूर घेता आलं असतं. तिथं दोन तासांत पोचलो असतो. मी पुणे घेतलं. बायकोला सांगितलं, तिथं सोय बरी असते.  तिनं पिशवीत चटणीचा डबा जास्तीचा घातला.

पेपर दुपारी संपला. पत्ता विचारत विचारत त्या सोसायटीशी गेलो. मोठं लोखंडी फाटक, बाजूला माणसांपुरतं लहान दार, आणि दारापाशी पत्र्याची खोपटी. दाजी निळ्या शर्टात, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी अडकवलेली. मला बघितल्यावर त्यांनी पहिल्यांदा टोपी काढून मागं धरली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "हितं नको, पाव्हणं. लोक बघतेत."

खोपटीत एकच प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्यांनी बाहेर आणून माझ्यापुढं ठेवली. "बसा."

"तुम्ही बसा, दाजी."

"आवो, दिसभर बसूनच असतूया मी."

ते खरं नव्हतं. त्यांचे पाय सुजलेले दिसत होते. पण माझ्याच्यानं बसवेना. आमच्या घरी दाजी आले की आधी त्यांना पाट मांडायचा, ते बसल्यावर बाकीच्यांनी बसायचं. तेही बसेनात, कारण मी पाहुणा. खुर्ची मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"बरा म्हंजे? चांगला जायला पायजे." त्यांनी गळ्यातली शिट्टी नीट केली. "पास तर व्हा बाबा. न्हायतर एवढं सगळं कशापायी झालं म्हणायचं."

ते रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हणाले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तेवढ्यात बाहेरून मोटार आली आणि हॉर्न वाजला. दाजींनी टोपी घातली, पळत जाऊन फाटक उघडलं. आतला तरुण काच खाली करून म्हणाला, "काका, खुर्ची मध्ये कशाला ठेवलीय? आणि हे कोण?"

"गावाकडचे हायेत, सायेब. निघालेतच."

खुर्ची मीच उचलून खोपटीत ठेवली. चटणीचा डबा तिच्यावर ठेवला. दाजी परत आले तेव्हा मी विचारलं, गावाकडं कधी येणार. म्हणाले, "पेरणीला येतू म्हणून सांगितलंय तिला. सुट्टी देतेत का बगू."

मी निघालो. लहान दाराकडं वळलो होतो, तर ते पुढं गेले आणि मोठ्या फाटकाचा अडसर काढला. मी म्हणालो, "दाजी, राहू द्या, मी ह्या दारानं जातो." त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही दारं मोटारीसाठी उघडतात तशी पार मागं लोटली आणि एक हात दाराला लावून उभे राहिले, मी बाहेर पडेपर्यंत.